ठेवणीतले कपडे आणि डुलतं जहाज

१८९६च्या डिसेंबरात 'कुरलँड' नावाची आगबोट मुंबईहून निघून दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानला पोचली. बोटीवर बॅरिस्टर मोहनदास गांधी होते, कस्तुरबा होत्या, आठ वर्षांचा हरिलाल, चार वर्षांचा मणिलाल आणि गांधींच्या विधवा बहिणीचा मुलगा गोकुळदास. निघण्याआधी बॅरिस्टरसाहेबांना जो प्रश्न पडला, तो आज क्रूझचं बुकिंग झालेल्या प्रत्येक घरात पडतो: मुलांना घालायचं काय? काठेवाडी वेश त्यांच्या मनाला पटेना आणि पुरता साहेबी पोशाख झेपणारा नव्हता. पारशी लोक तेव्हा हिंदुस्थानात सर्वांत सुधारलेले समजले जात, म्हणून मधला मार्ग पारशी निघाला. कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी, मुलांना पारशी कोट आणि पाटलोण. बूट-मोजे सगळ्यांनाच सक्तीचे.

पुढची हकिकत गांधींनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवली आहे. बुटांनी पाय आवळले, बोटं दुखावली, मोज्यांना घामाचा वास मारू लागला. दरबानच्या बाहेर बोट क्वारंटाइनमध्ये अडकली, नाताळ पाण्यावरच उजाडला आणि कप्तानाने सलूनच्या प्रवाशांना मेजवानी दिली. तिथले मुख्य पाहुणे हेच कुटुंब. म्हणजे आज जिला 'कॅप्टन्स डिनर' म्हणतात, तशाच मेजवानीला ही मंडळी काटे-चमचे चालवत बसली असणार. आत्मकथेतला आणखी एक तपशील आईबापांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे या सुधारलेपणाची हौस फिटली, पण तोवर घरच्यांना त्याची सवय लागली होती आणि ती सोडतानाही त्यांना तितकाच जाच झाला.

आजच्या क्रूझवर फॉर्मल नाईट असते ती अशी. आठवड्याच्या सफरीत साधारण दोन संध्याकाळी, तीन-चार रात्रींच्या सफरीत एखाद्या संध्याकाळी, मुख्य डायनिंग रूममध्ये ठेवणीतले कपडे घालून जेवायला यायचं. पुरुषांनी सूट किंवा डिनर जॅकेट, बायकांनी गाऊन किंवा साडी. जिन्यापाशी पडदे लावून फोटोग्राफर उभे असतात, मधल्या मोठ्या चौकात कप्तान दोन शब्द बोलतो, मग पाच-सहा वाढींचं निवांत जेवण. सगळं छान असतं. फक्त ही रीत घडली तेव्हा त्या टेबलावर मुलं नव्हतीच, हे कुणी सांगत नाही. मुलांच्या कपड्यांची बहुतेक अडचण तिथूनच येते.

अटलांटिक पार करणाऱ्या जुन्या लायनर बोटींवर पहिल्या वर्गाचे प्रवासी जवळजवळ रोज रात्री जेवणासाठी कपडे बदलत. पण मुलांचं खाणं संध्याकाळी लवकर आणि वेगळं उरकलेलं असे. फ्रान्सच्या 'नॉर्मंडी' बोटीत हे फार देखण्या रीतीने दिसतं. १९३५मध्ये तिची पहिली फेरी झाली. पहिल्या वर्गाचं भोजनगृह ९३ मीटर लांब होतं, एका वेळी ७०० माणसं बसत, आणि रुंद जिन्यावरून झोकात उतरत आत यायचं. मुलांसाठी मात्र निराळं भोजनगृह होतं आणि त्याच्या भिंतींवर बाबार हत्तीच्या गोष्टी लिहिणाऱ्या जाँ द ब्रुनॉफने हत्तींची मिरवणूक रंगवली होती. आईचा गाऊन जिन्यावरून खाली येईतो पोरं हत्तींच्या पंगतीत जेवून मोकळी.

मुंबईच्या बाजूलाही हेच होतं. सुएझ कालवा १८६९मध्ये खुला झाला आणि विलायतेच्या खेपा वाढल्या. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर गोऱ्या कुटुंबांबरोबर मुलं सांभाळायला इथल्या आया जात. आंघोळ, वेणीफणी, कपडे, मोठ्यांच्या आधी जेवण, हे सारं त्या बघत, म्हणूनच मालक-मालकीण कडक इस्त्रीत सलूनमध्ये बसू शकत. लंडनला पोचल्यावर यातल्या काहींना सरळ वाऱ्यावर सोडलं जाई. अशा बायकांसाठीचं 'आयाज होम' १९००पासून हॅकनी भागात होतं आणि २०२२मध्ये त्या घरावर स्मृतीची निळी पाटी लागली. जुन्या बोटींवरच्या गोंडस मुलांच्या फोटोंकडे बघताना त्यांचे मोजे कुणी ओढून चढवले असतील, हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

गंमत म्हणजे मुलांचा जगातला सर्वांत गाजलेला समारंभी पोशाख जन्मला तो बोटीवरच. सप्टेंबर १८४६. राणी व्हिक्टोरिया शाही नौकेतून चॅनल बेटांकडे फिरायला निघाली होती आणि पाच वर्षांचाही न झालेल्या राजपुत्र बर्टीसाठी नौकेवरच्या शिंप्याने खलाशांच्या गणवेशाची हुबेहूब छोटी प्रत शिवली. पोरगं ते घालून डेकवर आलं तेव्हा खलाशी खूश झाले, अशी नोंद राणीने रोजनिशीत केली. त्याच वर्षी विंटरहाल्टरने त्याच कपड्यांत त्याचं चित्र काढलं. पांढरी सैल विजार, पाठीवर पडणारी चौकोनी निळी कॉलर, किंचित मागे सरकलेली गवती टोपी आणि दोन्ही हात खुशाल खिशात. राजघराण्यातल्या मुलाचं चित्र आणि हात खिशात! तो पोशाख आज ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. पुढची शंभर वर्षं युरोपातल्या सधन घरांतली मुलं-मुली सेलर सूटमध्ये वाढली, जपानी शाळकरी मुलींच्या गणवेशात तो विसाव्या शतकात शिरला आणि डोनाल्ड डकच्या अंगावर तर अजून आहे.

हाच बर्टी मोठा झाल्यावर, १८६५मध्ये, लंडनच्या हेन्री पूल या शिंप्यांकडे एक आखूड निळं रेशमी जॅकेट शिवायला टाकतो. घरगुती, सैलसर जेवणांसाठी, शेपटीच्या लांब कोटाचा कंटाळा आला म्हणून. या दुकानाच्या नोंदींनुसार डिनर जॅकेटचा उगम तिथे आहे. म्हणजे फॉर्मल नाईटला बाप जे घालतो ते मुळात आरामाचं, आणि मुलगा जे घालायचा तेही मोकळं, हातपाय हलवता येतील असं. या एकाच माणसाने बापलेकांची सोय करून ठेवली होती. ती मोडून मुलाच्या गळ्यात टाय आवळायचं काम आपण मागाहून केलं.

आता व्यवहाराकडे. जहाज कोणतं, यावर निम्मं काम ठरतं. क्युनार्डची 'क्वीन मेरी २' साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क सात रात्री घेते, त्यात साधारण दोन गाला इव्हिनिंग असतात आणि इतर रात्रीही संध्याकाळी सहानंतर व्यवस्थित पोशाख अपेक्षित असतो. विशेष म्हणजे मुलांना पाचच्या सुमारास वेगळा 'चिल्ड्रन्स टी' देण्याची जुनी चाल या बोटीने अजून ठेवली आहे. नावाला चहा, खरं तर जेवणच. डिस्नेच्या सात रात्रींत एक फॉर्मल, एक सेमीफॉर्मल आणि कॅरिबियनमध्ये एक चाच्यांची रात्र असते. डोळ्यावर पट्टी बांधायला मिळाली की मुलगा आदल्या रात्रीच्या कोटाबद्दल आईला माफ करतो. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या कंपन्या एक-दोन रात्री ठेवतात, पण आग्रह धरत नाहीत. नॉर्वेजियनने २०००मध्ये हे बंधनच काढून टाकलं. सेलिब्रिटीने २०१५च्या अखेरीस फॉर्मल नाईटचं नाव बदलून ती बरीच सैल केली. आपल्याकडची बरीच मराठी कुटुंबं सिंगापूरहून किंवा मुंबईहून सुटणाऱ्या छोट्या सफरी करतात. तिथे बुकिंगच्या कागदांत 'ड्रेस कोड' हे सदर वाचावं आणि टूर कंपनीच्या माणसाने तोंडी सांगितलेल्यावर विसंबू नये. तो बिचारा सगळ्यांनाच "ब्लेझर घ्या" म्हणून सांगतो.

पहिल्या रात्री फॉर्मल नाईट नसते. शेवटच्या रात्रीही नसते. हा नियम पेट्यांचा आहे. जुन्या काळी पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या बांधून झालेल्या असत. आज ट्रंका गेल्या, पण चढताना बॅगा टर्मिनलवर ताब्यात घेऊन संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी आणून ठेवतात आणि उतरायच्या आदल्या रात्री त्या परत दाराबाहेर ठेवायला सांगतात. म्हणून पहिल्या दिवशी मुलाचा एक बरा जोड, पोहण्याचे कपडे आणि रात्रीचे कपडे हातातल्या पिशवीत असू द्यावेत. शेवटच्या रात्री सगळं बॅगेत भरून बाहेर ठेवलं आणि सकाळी मुलाला उतरवायला नुसता नाईट ड्रेस उरला, हा प्रकार तर क्रूझवाल्यांच्या गप्पांत हमखास निघतो.

दुसरी गोष्ट इस्त्रीची. बहुतेक जहाजांवर आपली इस्त्री किंवा कपड्यांचा स्टीमर नेता येत नाही. सामान तपासताना काढून घेतात आणि उतरताना परत देतात. समुद्रात आग लागली तर अग्निशमनाची गाडी येत नाही, तेव्हा यात हुज्जत घालण्यासारखं काही नाही. क्युनार्ड, प्रिन्सेस, डिस्ने यांच्या बोटींवर प्रवाशांसाठी धुलाईच्या खोल्या आहेत, तिथे इस्त्री मिळते. फॉर्मल नाईटच्या दुपारी मात्र तिथे रांग लागते. रॉयल कॅरिबियनवर ती सोयही नाही, पैसे मोजून कपडे प्रेसला द्यावे लागतात. तेव्हा कापड निवडताना 'दिसतं कसं' याच्या आधी 'चुरगळतं किती' हे बघावं. शुद्ध लिनन मुलांना नकोच, बसलं की सुरकुतलं. जाडसर विणीचं, थोडं ताणणारं कापड टिकतं. रेशमी काही न्यायचंच असेल तर आई पैठणी ठेवते तसं मलमलीत गुंडाळून न्यावं. केबिनमध्ये शिरल्या शिरल्या कपडे हँगरला लावावेत. कपाट लहान असतं, पण भिंती बहुधा पोलादी असतात आणि लोहचुंबकाचे चार हूक नेले तर मुलांचे कपडे भिंतीवर टांगता येतात.

पारंपरिक कपडे चालतात का, असं बरेच जण दबक्या आवाजात विचारतात. अगदी चालतात. आपापल्या देशाचा समारंभी पोशाख हा फॉर्मलच धरला जातो. स्कॉटिश माणूस किल्ट घालून येतो तसं आपल्या पोराने धोतर-कुर्ता घालून यावं. माझं मत विचाराल तर मराठी घराने मुलांसाठी चिमुकले टक्सिडो विकत घेण्याची काही गरज नाही. खणाचं परकर-पोलकं किंवा खणाचा फ्रॉक हे बोटीवरच्या संध्याकाळसाठी जवळजवळ नेमकं कापड आहे. गुळेदगुड्डचा खण अंगाला ताठ, तो आकार धरून राहतो आणि बारीक बुट्ट्यांमुळे चुण्या नजरेत भरत नाहीत. रंग असे की पिवळट दिव्यांतल्या फोटोतही उठून दिसतात.

पण पोरीच्या अंगावर तो कसा बसतो, ते जवळून बघावं लागतं. दुकानात उभी असताना सगळं ठीक दिसतं. बोटीवर ती खुर्चीत बसते, खुर्ची मोठ्या माणसाची, पाय लोंबकळत. काठाची जर आतल्या बाजूने मांडीला घासते. पोलक्याच्या बाहीची शिवण काखेत काचते. दहाव्या मिनिटाला ती खांदे उडवू लागते, विसाव्या मिनिटाला "मला हे काढायचंय" सुरू होतं, आणि सूप तर अजून यायचं असतं. उपाय शिंपिणीकडे आहे: आतून मऊ सुती अस्तर, जरीच्या काठाखाली पट्टी, काखेत अर्धा इंच जास्तीची जागा. घोट्याच्या वर चार बोटं उंची ठेवावी. जहाजावर जिने फार, डेकच्या दारांना उंच उंबरठे असतात आणि जमीन मधूनच हलते. पायात येणारा घेर घरच्या मुंजीत खपून जातो, इथे नाही. पाठीवर गळ्याशी बांधायच्या नाड्या आणि लटकनं टाळावीत. लहान मुलांच्या कपड्यांतल्या दोऱ्या कशाततरी अडकून गळ्याशी ओढल्या जातात, म्हणून युरोपच्या २००४च्या मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या गळ्यापाशी अशा दोरीला मनाई आहे.

मुलांचं म्हणाल तर बंद गळ्याची शेरवानी ही मोठ्यांची हौस. हनुवटीखाली हूक, आत कडक कॅनव्हास, छातीवर खड्यांचं ओझं. पाच वर्षांच्या पोराला त्यात मान खाली करून ताट दिसत नाही. त्यापेक्षा साधा झब्बा आणि वरून बिनबाह्यांचं जॅकेट. जॅकेट काढलं की तो मोकळा. खाली चुडीदार नको, नाडीचा पायजमा तर मुळीच नको. भर जेवणात "आई, शू" झालं की कळतं का ते: केबिन सहा मजले वर, डायनिंग रूमबाहेरचं स्वच्छतागृह अरुंद, आणि नाडीची गाठ निरगाठ झालेली. इलॅस्टिकची विजार घालावी आणि झब्बा गुडघ्याच्या वर ठेवावा. पाश्चात्त्य कपडेच हवे असतील तर पांढरा शर्ट, गडद पँट आणि इलॅस्टिकचा बो किंवा चिमट्याचा टाय पुरतो. कोट घ्यायचा तर विणलेल्या कापडाचा, आत खांद्यांची भरती नसलेला.

गांधींच्या मुलांची तक्रार पायांची होती आणि आजही पहिली रड तिथूनच येते. नवे कोरे बूट बोटीवर पहिल्यांदा घालू नयेत. घरी चार-सहा संध्याकाळी चालवून न्यावेत. गुळगुळीत चामड्याच्या तळाचे पार्टी शूज ओल्या डेकवर घसरतात, रबरी तळ हवा. मोजड्या मऊ असतात पण सुटतात, मागे पट्टी लावून घ्यावी. मोजे सुती. पैंजण हौसेने घातले तर शेजारच्या टेबलापुरतं कौतुक होतं, मग काढून ठेवावेत.

थंडीचा अंदाज हमखास चुकतो. सफर उष्ण समुद्रातली असली तरी डायनिंग रूम आणि नाटकाचं थिएटर वातानुकूलित, आणि ते पण सूट घातलेल्या पुरुषांच्या हिशोबाने. बिनबाह्यांच्या फ्रॉकमधली मुलगी तिथे कुडकुडते. पातळ स्वेटर किंवा आईची शाल हाताशी हवी. उलट डेकवर फोटो काढायला गेलात तर वारा इतका की घेरदार फ्रॉक डोक्यावर येतो, म्हणून आत चड्डी असावी. तान्ह्यांसाठी वेगळं काही नकोच. बरा दिसणारा सुती झबला आणि बदलायचे दोन, इतकं बस्स. बारा वर्षांपुढच्यांना हे सगळं सांगण्यात अर्थ नाही, ते काय घालणार ते त्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

कपड्यांपेक्षा महत्त्वाची आहे वेळ. मुख्य डायनिंगच्या साधारण दोन पाळ्या असतात, एक साडेपाच-सहाची, दुसरी आठ-साडेआठची. आठला सूप म्हणजे मुख्य पदार्थ येईतो नऊ, आणि तोवर मूल आईच्या पदरात झोपलेलं. आपल्या घरी नऊलाच जेवतो हे खरं. पण घरी ते सोफ्यावर लोळत असतं, कोट घालून खुर्चीत नसतं. पहिली पाळी बुकिंगच्याच वेळी मागून घ्यावी. काही कंपन्यांनी यावर छान तोड काढली आहे. रॉयल कॅरिबियनच्या कौटुंबिक जेवणाच्या सोयीत वेटर मुलांना आधी वाढतात, ती सुमारे चाळीस मिनिटांत जेवून होतात आणि बालक्लबचे कर्मचारी येऊन त्यांना खेळायला घेऊन जातात. आईबाप उरलेलं जेवण शांतपणे जेवतात. डिस्नेवरही तशीच सोय आहे. एका अर्थी 'नॉर्मंडी'चं हत्तींचं भोजनगृहच परत आलं, फक्त आता तेवढा वेळ सगळे एका टेबलावर बसतात.

याचा कपड्यांशी संबंध असा की ठेवणीतला पोशाख मुलाच्या अंगावर जेमतेम सव्वा-दीड तास असायचा आहे. मग त्याचा क्रम लावता येतो. आंघोळ, थोडं खाणं, मग कपडे, लगेच फोटो, मग जेवण. फोटो जेवणानंतर ठेवला की झब्ब्यावर टोमॅटोचा नकाशा असतो. जहाजाच्या फोटोग्राफरने काढलेले फोटो घ्यायलाच हवेत असं नाही. ते महाग असतात आणि जिन्यावर आपल्याच फोनने कुणीही काढून देतं. आईच्या पर्समध्ये घडी केलेला टी-शर्ट आणि चड्डी असावी, बालक्लबच्या दारात बदली. तिथे रंग, डिंक आणि जमिनीवर लोळणं असतं. खणाची आणि ॲक्रिलिक रंगाची गाठ पडली तर बोटीवरच्या लाँड्रीतही ती सुटत नाही.

खर्चाचं सांगायचं तर एका संध्याकाळसाठी नवं घेणं मला पटत नाही, कारण पोर सहा महिन्यांत त्यातून बाहेर पडतं. गॅदरिंगला कपडे भाड्याने देणारी दुकानं प्रत्येक शहरात आहेत, त्यांच्याकडे मुलांचे ब्लेझर असतात. पण बोटीसाठी ते देताना अनामत घसघशीत मागतात आणि कपडा परत यायला किती दिवस लागतील, ते आधी विचारतात. घरातल्या लग्नामुंजीत घातलेला, मुलाच्या अंगाला सरावलेला जोड उत्तम. आणि मावस-चुलत भावंडांत फिरणारा तर त्याहून उत्तम, तो आधीच धुऊन धुऊन मऊ झालेला असतो.

इतकं करूनही मूल ऐनवेळी म्हणालं "मी हे घालणार नाही", तर जहाजावर वाद घालत बसायची गरज नसते. फॉर्मल नाईटलाही वरच्या मजल्यावरचा बुफे उघडा असतो आणि तिथे बहुतेक कंपन्यांच्या बोटींवर साध्या कपड्यांत कुणी अडवत नाही. आई-बाबांपैकी एकाने सूट-साडीत खाली जावं, दुसऱ्याने पोराबरोबर चड्डीत वर पिझ्झा खावा. दोन फॉर्मल रात्री असतील तर दुसऱ्या रात्री पाळी बदलता येते.